जुन्या गाडीत नवं इंजिन : वायरिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे कार्ब्युरेटरची जुनी जिप्सी आहे. तिच्यात मल्टिपॉइंट इंजेक्शनचं (प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं) इंजिन बसवलं तेव्हापासून लोक फोन करून, गाडी दाखवून, कधी सिंहगडाच्या पायथ्याशी बॉनेट उघडायला लावून हेच ते प्रश्न विचारतात. कुणाची मारुती ८०० असते, कुणाच्या आजोबांची पद्मिनी, कुणाची अँबेसेडर. इंजिन माउंटिंग, गिअरबॉक्स, सायलेन्सर या गोष्टी डोळ्यांना दिसतात, त्यामुळे त्या जमतात. काम अडतं ते वायरिंगपाशी. अर्धवट सोडलेल्या अशा कितीतरी गाड्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभ्या आहेत. त्यातल्या दोन-चार जरी रस्त्यावर आल्या तरी हे लिहिल्याचं सार्थक होईल.

इंजिन तर इंजिन. वायरिंगला एवढं महत्त्व कशाला?

कार्ब्युरेटरच्या इंजिनाला चालायला फार कमी वायरी लागतात. इग्निशन कॉइलला प्लस, सेल्फला एक वायर, अल्टरनेटरच्या दोन-तीन, ऑइल प्रेशरची एक, टेंपरेचरची एक, आणि फार तर कार्ब्युरेटरवरच्या आयडल सोलेनॉइडची एक. जुन्या मिस्त्रींच्या ही वायरिंग तोंडपाठ असते.

इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची हे ईसीएम, म्हणजे इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर, ठरवतो, आणि तो सेन्सरवर विसंबून असतो. क्रँक किंवा कॅम सेन्सर, थ्रॉटल पोझिशन, मॅनिफोल्ड प्रेशर, हवेचं तापमान, कूलंटचं तापमान, ऑक्सिजन सेन्सर, स्पीड सेन्सर. त्यांवर इंजेक्टर, आयडल व्हॉल्व्ह, मेन रिले, पंप रिले, फॅन रिले (रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). यातल्या बऱ्याच सेन्सरचा सिग्नल ० ते ५ व्होल्टच्या आत असतो, ऑक्सिजन सेन्सरचा तर १ व्होल्टच्याही आत. हेडलाइटच्या वायरीत अर्धा व्होल्ट पडला तर उजेड थोडा कमी होतो. सेन्सरच्या वायरीत अर्धा व्होल्ट इकडेतिकडे झाला तर ईसीएमला वेगळंच इंजिन दिसायला लागतं.

सुरुवात कुठून करायची?

आरटीओपासून. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि निर्मात्याने दिलेली मूळ रचना यांच्याशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. इंजिन नंबर आरसीवर असतो, त्यामुळे इंजिन बदललं की कागद बदलणं आलंच. पुण्यात संगम पुलाजवळच्या आरटीओ कार्यालयात आधी लेखी विचारा, परवानगी घ्या, आणि विमा कंपनीला कळवा. आणलेल्या इंजिनाचं बिल आणि ते ज्या गाडीतून आलं तिचे कागद हातात नसतील तर ते इंजिन घेऊ नका, मग ते कितीही स्वस्त मिळो.

त्याच निर्मात्याचं, त्याच मॉडेलला पुढे कंपनीनेच बसवलेलं इंजिन निवडणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. जिप्सीला आणि मारुती ८०० ला २००० च्या सुमारास कंपनीनेच मल्टिपॉइंट इंजेक्शन दिलं. अँबेसेडरमध्येही १९९० च्या दशकात कंपनीनेच इसुझुचं १८०० सीसी इंजिन बसवलं. अशा वेळी कंपनीचा वायरिंग नकाशा उपलब्ध असतो, आणि त्या नकाशाला पर्याय नाही.

जुनी वायरिंग तशीच ठेवून लागतील तेवढ्याच नव्या वायरी ओढल्या तर?

करतात लोक. मी नको म्हणेन. नव्या इंजिनाची वायरिंग ही नव्या इंजिनाचीच राहू द्या. तिची लांबी, जाडी, जाळीचं कव्हर असलेल्या वायरी, कुठल्या दोन वायरी कुठे एकत्र येतात, कुठली अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे जाणारी वायर) कुठल्या बोल्टवर जाते, हे सगळं कुणीतरी मोजून-मापून ठरवलेलं असतं. ते हार्नेस, म्हणजे वायरींचा बांधलेला जुडगा, अखंड घ्या, अखंड बसवा, आणि बॉडीच्या जुन्या वायरिंगला फक्त ठरावीक आठ-दहा वायरींनी जोडा. दिवे, हॉर्न, वायपर, इंडिकेटर जुन्या वायरिंगवर चालू दे. इंजिन नव्या वायरिंगवर. दोघांची भेट एकाच जागी, एकाच कपलरमध्ये (वायरींची टोकं जोडणाऱ्या प्लगमध्ये). पुढे कधी बिघाड झाला तर शोधायला एक दरवाजा असतो.

डोनर गाडीतून (जिचं इंजिन घेतलं तिच्यातून) काय काय काढून आणायचं?

नुसतं इंजिन आणू नका. मिळेल तेवढं सगळं आणा: ईसीएम, इंजिन हार्नेस फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या) रबरी ग्रोमेटसकट, इंजिनातला फ्यूज-रिले बॉक्स, मेन रिले आणि पंप रिले, टाकीतला पंप आणि फ्लोट, ऑक्सिजन सेन्सर, गिअरबॉक्सवरचा स्पीड सेन्सर, स्कॅनर लावायचा कपलर, इग्निशन लॉक किल्लीसकट. ॲक्सिलरेटर केबलचा नसून इलेक्ट्रॉनिक असेल तर पेडलसुद्धा.

भंगारवाले हार्नेस कापून देतात, कारण त्यांना इंजिन लवकर उतरवायचं असतं. शक्य असेल तर स्वतः जाऊन उभे राहा आणि कपलर दाबून सोडवायला लावा. कापलेल्या हार्नेसचे पन्नास जोड देण्यापेक्षा अखंड हार्नेससाठी आणखी दोन आठवडे थांबलेलं परवडतं. आणि काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, प्रत्येक कपलरचा, प्रत्येक अर्थ बोल्टचा. इंजिन जागेवरून हललं की ती माहिती कायमची गेली.

मी माझं हार्नेस घरी गच्चीवर सतरंजी टाकून पसरलं होतं. वरची जुनी टेप सोलली, तिचा काळा चिकटा रॉकेलच्या फडक्याने पुसला, आणि प्रत्येक टोकाला कागदी टेपवर नाव लिहिलं: ‘इंजेक्टर १’, ‘थ्रॉटल’, ‘अर्थ, मॅनिफोल्डवर’. तीन संध्याकाळी गेल्या. पुढच्या सगळ्या कामात सर्वांत जास्त उपयोग त्या तीन संध्याकाळींचा झाला.

नवी आणि जुनी वायरिंग नेमकी कोणत्या वायरींवर जोडायची?

जर्मन पद्धतीचे आकडे लक्षात ठेवले तर सोपं जातं, कारण रिलेवरही तेच छापलेले असतात. ३० म्हणजे बॅटरीचा कायमचा प्लस. १५ म्हणजे किल्ली ऑन केल्यावर येणारा प्लस. ५० म्हणजे सेल्फ मारताना येणारा प्लस. ३१ म्हणजे अर्थ. या चार गोष्टी ईसीएमच्या बाजूला नीट पोहोचल्या की इंजिन चालण्यापुरतं काम झालं. त्यापुढे चार्जिंगचा दिवा, ऑइलचा दिवा, टेंपरेचरचा काटा, चेक इंजिनचा दिवा, पंपाची वायर, आणि असेल तर एसीची मागणी सांगणारी वायर.

इथे एक जागा अशी आहे की जिथे बहुतेक जण अडकतात. जुन्या इग्निशन स्विचवर दोन-तीन प्रकारचे प्लस असतात. त्यातला ॲक्सेसरीचा प्लस सेल्फ मारताना बंद होतो, म्हणजे रेडिओ गप्प होतो. ईसीएमला चुकून तोच जोडला तर किल्ली ऑन केल्यावर सगळं ठीक दिसतं, पंपाचा आवाज येतो, चेक लाइट लागतो, पण सेल्फ फिरताना ईसीएम मेलेला असतो. माणसं इंजेक्टर बदलतात, पंप बदलतात, ईसीएम नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात परत करायला जातात. स्विचच्या मागे टेस्ट लॅम्प लावा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ऑन आणि स्टार्ट, दोन्हीत जळणारी वायर तीच खरी १५.

जुन्या स्विचचे आतले पॉइंट झिजलेले असतात. नव्या इंजिनाचा सगळा भार त्यावर टाकू नका. स्विचने फक्त रिले ओढावा आणि रिलेने भार उचलावा: ८५ आणि ८६ कॉइलला, ३० वर फ्यूजमधून बॅटरी, ८७ मधून बाहेर. आत डायोड असलेला रिले असेल तर ८५-८६ उलटे लावून चालत नाही, रिलेवरची आकृती पाहा.

अर्थिंग, अर्थिंग म्हणतात, ते एवढं अवघड आहे का?

अवघड नाही, पण त्याला कुणी वेळ देत नाही. हा सगळ्या कामाचा पाया आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

माझ्या गाडीची वायरिंग पहिल्यांदा एका गॅरेजमध्ये करून घेतली होती. गाडी सुरू झाली, गावात छान चालली. जुलैत ताम्हिणीला निघालो. पौडच्या पुढे पाऊस वाढला, हेडलाइट लावले, वायपर, ब्लोअर, रेडिएटरचा फॅनही अधूनमधून. घाट चढताना गाडी अडखळायला लागली, मागे काळा धूर, आत पेट्रोलचा वास. हेडलाइट बंद केले की धूर कमी. पुन्हा लावले की पुन्हा तेच. दिव्यांचा आणि पेट्रोलचा संबंध काय, हे तिथे भिजत उभं राहून काही केल्या कळेना.

घरी आल्यावर मल्टिमीटर लावला. एक टोक बॉडीवर, एक इंजिनच्या ब्लॉकवर, इंजिन चालू, सगळे दिवे चालू. मीटरवर ०.७ व्होल्ट. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवा होता. इंजिन आणि बॉडी यांच्यातली अर्थ पट्टी रंग दिलेल्या ब्रॅकेटवर आवळलेली होती. आणि ईसीएमची अर्थ, जी मूळ गाडीत मॅनिफोल्डच्या बोल्टवर होती, ती गॅरेजमध्ये सोयीसाठी फायरवॉलवर, म्हणजे बॉडीवर लावली होती. त्या इंजिनाला बसलेला ऑक्सिजन सेन्सर एका वायरचा. त्याची अर्थ सायलेन्सरमधून इंजिनाला जाते. दिव्यांचा सगळा करंट बॉडीतून त्या खराब पट्टीवाटे अल्टरनेटरकडे परतायचा, आणि तेवढ्यात इंजिन बॉडीपेक्षा ०.७ व्होल्टने खाली जायचं. सेन्सर चांगला ०.८ व्होल्ट दाखवत होता, बॉडीवर अर्थ घेतलेल्या ईसीएमला तो ०.१ दिसत होता. मिश्रणात पेट्रोल कमी आहे असं समजून तो बिचारा आणखी पेट्रोल ओतत होता.

रंग खरवडून धातू उघडा केला, विणलेली तांब्याची नवी पट्टी दातेरी वॉशरसह लावली, ईसीएमची अर्थ पुन्हा मॅनिफोल्डवर नेली. मीटरवर ०.०३. तो धूर पुन्हा कधी दिसला नाही.

तेव्हा तीन गोष्टी पाळा. बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या ब्लॉकला एक जाड केबल आणि बॉडीला दुसरी, दोन्ही स्वतंत्र. ईसीएमची अर्थ मूळ गाडीत जिथे होती तिथेच. आणि सेन्सरच्या अर्थच्या वायरी, ज्या परत ईसीएममध्येच जातात, त्या कधीही बॉडीला टेकवू नका.

तपासायची पद्धत सोपी आहे. पंपाचा फ्यूज काढा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटर बॅटरीच्या मायनसवर आणि ब्लॉकवर, आणि सेल्फ मारा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर केबल, थिंबल (केबलच्या टोकाची धातूची कडी) किंवा बोल्ट यांतलं काहीतरी खराब आहे. ब्लॉकची अर्थ मुळीच नसेल तर सेल्फचा करंट क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल हात लावू देत नाही इतकी तापते. सेल्फ मारल्यावर केबल गरम लागली तर थांबा.

जुना डायनॅमो किंवा छोटा अल्टरनेटर होता. नवा अल्टरनेटर कसा जोडायचा?

बोलीभाषेत आपण अल्टरनेटरलाही डायनॅमोच म्हणतो, पण दोन्हींची वायरिंग वेगळी. खरा डायनॅमो असलेल्या गाडीत कटआऊटचा डबा असतो. नव्या अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर आतच असतो, त्यामुळे तो डबा वायरिंगमधून पूर्ण बाहेर काढा.

डॅशबोर्डवर अँपिअरचा काटा असेल तर तो सगळ्यात आधी बदला. जुन्या गाड्यांत गाडीचा जवळजवळ सगळा करंट डॅशबोर्डपर्यंत येऊन त्या मीटरमधून परत जातो. ३० अँपिअरच्या मीटरमधून ६५-७० अँपिअरचा अल्टरनेटर चार्ज करायला लागला तर मागची वायर वितळते, आणि ती तुमच्या गुडघ्यांच्या वर असते. अल्टरनेटरची जाड वायर थेट बॅटरीकडे, मोठ्या फ्यूजमधून न्या आणि काट्याच्या जागी व्होल्टमीटर लावा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत.

आणि चार्जिंगचा दिवा काढून टाकू नका. बहुतेक अल्टरनेटरना सुरुवातीचा थोडा करंट त्या दिव्यातूनच मिळतो. तिथे एलईडी लावला किंवा बल्ब गेलेला असला तर गाडी सुरू होते, पण अल्टरनेटर चार्जच करत नाही, किंवा रेस दिल्यावरच जागा होतो.

गाडी ६ व्होल्टची आहे. किंवा बॅटरीचा प्लस बॉडीला आहे.

आधी पूर्ण गाडी १२ व्होल्ट, मायनस अर्थ करा. जुन्या विलीज जीप ६ व्होल्टच्या होत्या आणि १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत प्लस अर्थ असे. तसं ठेवून इंजेक्शनचं इंजिन चालत नाही. बल्ब, हॉर्न, वायपर मोटर, रेडिओ, काटे, सगळं तपासावं लागतं.

इलेक्ट्रिक पेट्रोल पंप थेट इग्निशनवर जोडला तर काय बिघडतं?

अपघातात इंजिन बंद पडलं, पाइप फुटला, किल्ली मात्र ऑनच आहे, तर तो पंप पेट्रोल ओतत राहतो. म्हणून कधीही थेट जोडू नका.

ईसीएम पंप रिले स्वतः चालवतो. किल्ली ऑन केली की दोन-तीन सेकंद पंप फिरतो, मागून ‘सूं’ असा आवाज येतो, आणि बंद होतो. इंजिन फिरत असल्याचा सिग्नल मिळाला तरच पुन्हा चालू. पंप रिलेची ती व्यवस्था तशीच ठेवा. शिवाय धक्का बसला की पंपाचा करंट तोडणारा इनर्शिया स्विच मिळाला तर लावा.

कार्ब्युरेटरच्या यांत्रिक पंपाचं प्रेशर ०.२-०.३ बारच्या आसपास असतं, इंजेक्शनचं २.५ ते ३ बार. जुने रबरी पाइप आणि क्लिपा त्या प्रेशरला टिकत नाहीत. हा वायरिंगचा विषय नाही, तरी सांगतो, कारण गळती आणि ठिणगी एकाच बॉनेटखाली राहतात. पंपाची वायर मागेपर्यंत २.५ स्क्वेअर एमएमची न्या, तिची अर्थही तेवढ्याच जाडीची. पंपाच्या टोकाला इंजिन चालू असताना बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर घाटात चढावर पिकअप तुटणार.

वायर किती जाड आणि फ्यूज किती अँपिअरचा?

साधारण हिशोब असा: १ स्क्वेअर एमएमच्या वायरला १० अँपिअरचा फ्यूज, १.५ ला १५, २.५ ला २०, ४ ला ३०. ७० अँपिअरच्या अल्टरनेटरच्या चार्जिंगला १६ स्क्वेअर एमएम आणि ८० अँपिअरचा बोल्ट लावायचा फ्यूज. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो बॅटरीच्या जवळ हवा. बॅटरीपासून दोन हात वायर नेऊन मग फ्यूज लावला तर त्या दोन हातांना कोणीच राखणदार नाही. घरगुती वायरिंगची वायर गाडीत वापरू नका. ऑटो केबलच्या बारीक जास्त तारा कंपन सोसतात आणि तिचं आवरण इंजिनाजवळची उष्णता आणि ऑइल सोसतं.

किल्लीत चिप असलेल्या गाडीचं इंजिन आहे. सुरूच होत नाही.

इमोबिलायझर. मारुतीत त्याला आयकॅट्स म्हणतात. किल्लीतली चिप, लॉकभोवतीची रिंग, इमोबिलायझरचा डबा आणि ईसीएम हे एकमेकांना ओळखतात. यातला एकही दुसऱ्या गाडीचा चालत नाही. चारही वस्तू एकाच गाडीतून आणा. किल्ली हरवली असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनरने जुळवून घेता येईल का, हे पैसे देण्याआधी विचारा.

आणखी नवं, म्हणजे मारुतीच्या के-सीरीजसारखं इंजिन बसवायचं असेल तर?

तिथे ईसीएम एकटा नसतो. मीटर, एबीएस, बॉडी कंट्रोलचा डबा हे सगळे ‘कॅन’ नावाच्या, डब्यांमध्ये माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या दोन वायरींवर बोलतात. कुणी गैरहजर असेल तर ईसीएम बिघाडाचा कोड टाकतो, कधी पॉवर कमी करतो. या दोन वायरी एकमेकींभोवती पीळ घातलेल्याच ठेवा. बॅटरी काढून दोघींमध्ये मोजलं तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर जिथे होता तो डबा तुम्ही मागे सोडून आलात. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने केबलच्या ॲक्सिलरेटरचं, २००० च्या दशकातलं साधं इंजिन घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

डॅशबोर्डचे जुने काटे चालतील का?

चालतील, त्यांचे जुने सेंडर (काट्याला सिग्नल देणारे सेन्सर) ठेवले तर. टेंपरेचरच्या काट्याचा सेंडर आणि ईसीएमचा कूलंट सेन्सर या वेगळ्या वस्तू आहेत. एकाच सेन्सरवर दोघांना जोडलं तर काटाही खोटा आणि ईसीएमही गोंधळलेला. जुना सेंडर नव्या इंजिनात अडॉप्टर करून बसवा. आरपीएमचा जुना काटा कॉइलच्या मायनसवर चालतो. नव्या इंजिनात तशी जागा नसेल तर ईसीएमचं आरपीएमचं आउटपुट शोधा, कॉइलच्या ट्रिगर वायरीला तो काटा जोडू नका. चेक इंजिनचा दिवा मात्र डॅशबोर्डवर लावाच, आणि स्कॅनरचा कपलर हाताला येईल अशा जागी बसवा.

गाडी मध्येच झटका मारते, कोड येत नाही.

क्रँक सेन्सरची वायर पाहा. तिच्यावर जाळी असते आणि त्या जाळीची अर्थ एकाच टोकाला, ईसीएमच्या बाजूला असते. वायर लांब करताना जाळी तोडली किंवा ती प्लगच्या केबलला चिकटून नेली की ठिणगीचे धक्के सिग्नलमध्ये मिसळतात. रेझिस्टर असलेलेच प्लग वापरा.

जोड सोल्डर करायचे की क्रिम्प?

चांगल्या पक्कडीने केलेलं क्रिम्प, म्हणजे दाबून बसवलेला जोड. सोल्डर वायरीत वर चढतं, ती कडक होते आणि कंपनाने बरोबर त्या कडेला तुटते. सोल्डर करायचंच असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून आधार द्या. वर आत चिकटा असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. जोड एकाच जागी न देता पुढे-मागे द्या, नाहीतर हार्नेसला गाठ येते. ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीला सोल्डर नकोच. काही सेन्सर तुलनेसाठी लागणारी हवा त्या वायरीतूनच आत घेतात.

साधी पीव्हीसी टेप पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये इंजिनाशेजारी सुटते आणि चिकटा सोडते. कापडी टेप घ्या आणि वर नालीदार पाइप.

पाऊस आणि उंदीर?

कपलरची रबरी सील एकही गहाळ नको. ईसीएम बॉनेटखाली नको, केबिनमध्ये, कपलरचं तोंड खाली करून. वायर फायरवॉलमधून आत येण्याआधी खाली झोका देऊन मग वर चढवा, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडतं.

उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात, पावसाळ्यात जास्त. बॉनेटखाली कापूस, पालापाचोळा साचू देऊ नका, आठवड्यातून एकदा गाडी फिरवा. मला तरी याहून खात्रीचा उपाय सापडलेला नाही.

पुण्यात सामान कुठे मिळतं?

नाना पेठेत स्पेअर पार्ट, कपलर, रिले बॉक्स, सेन्सर. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत स्लीव्ह, थिंबल, केबल, मल्टिमीटर. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात चांगली जुनी हत्यारं नशिबाने सापडतात. कपलर घ्यायला जाताना जुना तुटका कपलर खिशात ठेवून जा.

पहिल्यांदा बॅटरी जोडताना काय काळजी घ्यायची?

बॅटरीचा प्लस थेट जोडू नका. मध्ये २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावा. किल्ली बंद असताना तो विझलेला हवा, किल्ली ऑन केल्यावर मिणमिणेल. भगभगीत जळतच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तुमचा ईसीएम त्या बल्बने वाचवला.

मग बल्ब काढा. इंजेक्टरचे कपलर काढून ठेवा. किल्ली ऑन: चेक लाइट लागतो का, पंप दोन-तीन सेकंद फिरून थांबतो का, थ्रॉटल सेन्सरला ५ व्होल्ट येतात का. सेल्फ मारा: ठिणगी येते का, ऑइलचा दिवा विझतो का. मग इंजेक्टर जोडा. जवळ अग्निशामक सिलिंडर आणि दुसरा माणूस हवाच. एकट्याने रात्री करायचं हे काम नाही.

सगळं चालू झालं. जुन्या, न वापरलेल्या वायरी तशाच राहू दिल्या तर चालेल?

ज्या वायरीत करंट येऊ शकतो ती उघडी ठेवू नका. तिचा उगम शोधा आणि तिथूनच काढा. नुसती टेप गुंडाळून डॅशबोर्डमागे कोंबलेली वायर दोन वर्षांनी कुठल्यातरी ब्रॅकेटला घासते.

आणि नकाशा काढा. सुबक नसला तरी चालेल: कोणता रंग कुठून कुठे, कोणता फ्यूज कशाचा, अर्थ कुठल्या बोल्टवर. माझा नकाशा वहीच्या तीन पानांवर आहे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलेला. गेल्या वर्षी महाडजवळ गाडीचा फॅन बंद पडला. तिथल्या वायरमन दादांनी जिप्सी पाहिली, आतलं इंजिन पाहिलं आणि हात वर केले. ती तीन पानं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी फॅनच्या फ्यूजवर बोट ठेवलं, तिथून रिलेपर्यंत वायर हाताने चाचपत गेले, आणि वीस मिनिटांत सैल झालेली पिन दाबून दिली.